हात टेबलावर

जुमागुल एजे आमची शाळा सोडून तेरेकसूला का गेली, यावर कोक-जारच्या बाजारात अजून चघळणं चालू आहे. बटाटेवाली म्हणते, तिला काढून टाकलं. डायरेक्टरांची बायको म्हणते, तिच्या डोक्यावर परिणाम झाला. गेल्या आठवड्यात तर दूधवालीने मला छातीठोकपणे सांगितलं, की तिकडे तिचा कुणी म्हातारा आहे. म्हातारा! पन्नाशी उलटलेली विधवा बाई, जिना चढताना पायरीगणिक स्वतःच्या गुडघ्याला शिव्या घालणारी, ती म्हणे प्रेमात पडून पळाली. उचलली जीभ लावली टाळ्याला! अगं बायांनो, जे झालं ते माझ्या शिवणाच्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हा आता जरा गप्प बसा आणि मी सांगते ते ऐका.

आमची शाळा बहिऱ्या मुलांची. पोरं डोंगरातल्या गावांतून येतात आणि इथेच राहतात. मी कलिपा, शिवण शिकवते. जुमागुल लहान मुलांच्या वर्गावर होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला एजे म्हणायची, म्हणजे ताई. पोरांनी तिला खुणेतलं नाव दिलं होतं: डोळ्याच्या कोपऱ्याशी दोन बोटं. हसली की तिथे सुरकुत्यांचं जाळं व्हायचं, म्हणून. आणि ती हसायची फार. स्वतःच्या विनोदावर तर आधी स्वतःच.

आमच्या शाळेची एक खोड आधी सांगायला हवी. सकाळी बाई वर्गात आल्या की पहिलं वाक्य, "हात टेबलावर!" की सगळी पोरं दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवतात आणि मान वर करतात. हात थांबले की पोर बाईंच्या ओठांकडे बघेल, ओठ वाचेल, हळूहळू बोलायला लागेल, असं आमच्या जुन्या गुरूंचं म्हणणं. त्या काळी वर्गात खुणा केल्या तर बोटांवर पट्टी बसायची. आता पट्टी गेली, खुणांनाही कुणी नाही म्हणत नाही, पण हात टेबलावर हे राहिलं ते राहिलंच. नवी बाई आली की आठवड्याभरात तीही तेच म्हणायला लागते. पाहुणे आले की आम्ही तोऱ्यात दार उघडून दाखवतो: बघा, काय शिस्तीची मुलं आहेत! माझ्या वर्गात तेवढी सूट. हात टेबलावर ठेवून काजं कशी करणार, माझं कपाळ?

बेगायीम आली तेव्हा नऊ वर्षांची होती. एवढ्या उशिरा आमच्याकडे कुणी येत नाही. बाप सातार मेंढपाळ. पोर तान्ही असताना उन्हाळी कुरणावर तापाने फणफणली, जवळ ना डॉक्टर ना रस्ता. ताप उतरला तेव्हा कान गेलेले. आई पुढे वारली. पोरीला घरात कुणी बोलायला नव्हतं, तर भाषा येणार कुठून? आली तेव्हा तिला दूध, घोडा, चल, नको एवढ्याच खुणा येत होत्या. बाकी डोळे. काय डोळे होते पोरीचे! माणसाला आरपार बघायची.

पण डोक्यात काही टिकेना. मी म्हणावं, कात्री, दोरा आणि बटण घेऊन ये, तर कात्री आणून उभी. बाकीचं काय? खांदे उडवायची आणि रडायला लागायची. शब्द लिहायला घेतला की शेवटच्या अक्षराशी पोचेपर्यंत पहिलं पुसलेलं. शाळेतल्या बायकांनी लगेच मठ्ठ म्हणून शिक्का मारून टाकला.

दर वसंतात आमच्याकडे तपासणी मंडळ येतं. कुठलं पोर कुठल्या शाळेत ठेवायचं हे तेच ठरवतात. मंडळाच्या मुख्य दामिरा साग्यनोव्ना. पहिल्याच वर्षी त्यांनी बेगायीमला समोर बसवलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हिचे हात बघा. एक क्षण स्वस्थ नाहीत. लक्षच नाही मुलीचं. हिला तेरेकसूला पाठवा."

तेरेकसूची शाळा मंदबुद्धी मुलांची. वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तिथल्या सगळ्या मुलांना ऐकू येतं. एकही बहिरं पोर नाही, एकाही बाईला खुणा येत नाहीत. आमच्याकडे येऊन पोरीला कुठे चार शब्द फुटले होते, ते घेऊन ती तिथे बोलणार कुणाशी? भिंतीशी? जुमागुल एजे त्या दामिराबाईंच्या मागे मागे गाडीपर्यंत गेली, दार धरून उभी राहिली आणि एक वर्ष मागून घेतलं. "एक वर्ष. पुढच्या खेपेला मला फरक दिसला पाहिजे," असं बजावून बाई गेल्या.

सातार मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी न्यायला आला तेव्हा एजेने त्याला माझ्या खोलीत बसवून चहा दिला आणि समजावलं.

"सातार, पोर मठ्ठ नाहीये. तिचा दस्तरखान लहान आहे."

"म्हणजे?" तो घाबरलाच. "आता हे काय नवीन दुखणं?"

"अरे, ऐक तर! जेवायला कापड अंथरतो ना, तसा मनातही एक दस्तरखान असतो. आत्ता ऐकलेलं, आत्ता पाहिलेलं आपण त्यावर मांडतो, काम होईपर्यंत. हिच्या दस्तरखानावर दोनच वाट्या मावतात. तिसरी ठेवली की पहिली खाली पडते. ज्याच्याशी लहानपणी कुणी बोललंच नाही, त्याचं असं होतं. पण कापड ताणता येतं."

"कशाने ताणणार, एजे?"

"खेळून."

सातारने कप खाली ठेवला. "तुम्ही ताणा. मला एवढंच हवंय, की माझ्यामागे तिला कुणी फसवू नये. कागदावर काय लिहिलंय ते वाचता यावं. बास." हे म्हणताना तो जमिनीकडे बघत होता.

मग हिवाळाभर खेळ. चुको आमच्याकडे कुणाच्या घरी नसतात? मेंढीच्या पायाच्या सांध्यातलं ते छोटं हाड. आमच्या आज्या पणज्या त्यावरच खेळल्या. एजेने पिशवीभर हाडं रंगवली: बिटाच्या पाण्यात लाल, कांद्याच्या सालीत पिवळी, शाईत निळी, आणि नर्सबाईंकडचं जखमेवर लावायचं हिरवं औषध ढापून हिरवी. नर्सबाई आठवडाभर बोलत नव्हती. रात्रीचं जेवण लवकर होतं आमच्याकडे. ते झालं की व्हरांड्यात नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या सतरंजीवर पोरं गोल करून बसायची. एजे हाडं ओळीत मांडायची, पोरं बघायची, मग ती डोक्यावरचा रुमाल सोडून त्यावर टाकायची. आता दुसऱ्या ढिगातून तशीच ओळ मांड! लाल, निळं, निळं, हिरवं. नुसता रंग नाही, हाड कुठल्या बाजूवर पडलंय तेही. जमलं की ओळ उलटीकडून मांड. कधी रुमालाखालून एक हाड गुपचूप उचलायची आणि विचारायची, कोण पळालं?

पोरं एकमेकांना काय चिडवायची! बहिऱ्या मुलांची भांडणं तुम्ही पाहिली नसतील. आवाज नाही, पण दहा हात एकदम. आणि एजे स्वतः खेळायला बसली की हमखास हरायची. पोरं तिच्याकडे बोट दाखवून पाठीत वाकून काठी टेकत चालायची. म्हातारी! म्हातारी! ती खोटंखोटं रागावून रुमाल फेकून मारायची.

बेगायीमची सुरुवात दोन हाडांपासून झाली. तिसऱ्याला रडायची. एजेने तिसरं लादलं नाही. दोनच, पण रोज. मग एक दिवस तीन. मग चार झाली तेव्हा पोरगी उठून स्वतःभोवती गरगर फिरली. वसंतातला नौरूझचा सण आला, सुमोलोकच्या गोड खिरीची कढई चढली, तेव्हा तिची ओळ सात हाडांवर गेली होती, आणि तेही उलटीकडून. मी मुद्दाम पाहिलं. म्हटलं, कात्री, पांढरा दोरा, टिकल्या, पट्टी आणि माझा चष्मा. सगळं घेऊन आली! चष्मा स्वतःच्या नाकावर. अक्षरांचंही तसंच झालं. आता शब्दाचं शेपूट येईपर्यंत डोकं सुटत नव्हतं. बापाला तिने चार ओळी लिहिल्या. त्या ओळी घेऊन सातार म्हणे शेजारच्या सगळ्या कुरणांवर फिरला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ओळ बघताना तिची बोटं छातीशी चाळवत राहायची. लाल म्हणजे ओठ, निळं म्हणजे वर आभाळ, अशा त्यांच्या खुणा. त्यांचेच तुकडे, अर्धेमुर्धे, कुणाला न कळण्याइतके. रुमाल पडला तरी बोटं थांबायची नाहीत. आम्हाला वाटायचं, पोरीला चाळा आहे. एजेलाही तेच वाटायचं. मंडळ यायला आठवडा उरला तशी तिला धास्ती बसली.

"कलिपा, सगळं जमतंय गं, पण हिचे हात! त्या बाईंनी गेल्या वर्षी तेच पाहिलं. ह्या वर्षी परत तेच दिसलं तर?"

"मग आवर घाल," मी म्हटलं. तेव्हा मला तरी काय ठाऊक!

"घालते. हा आठवडा खेळ बंद. डोकं शांत राहू दे तिचं. फक्त हात."

आणि तिने हात शिकवले. सकाळ संध्याकाळ पोरीला टेबलाशी बसवायची. तळवे सपाट. हलले नाहीत तर कुरुत, म्हणजे सुक्या दह्याची गोळी, जी त्या पोरीला जीव की प्राण. एजेवर तिचा इतका जीव, की तिने ते दोन दिवसांत उचललं. जेवतानाही हात सपाट ठेवून एजेकडे बघत बसायची, सूप गार होईपर्यंत. शाबासकी मिळाली की मगच चमचा घ्यायची. आम्ही सगळ्या बायका कौतुकाने बघायचो. किती गुणी झाली पोर!

तपासणी माझ्या खोलीत ठेवली, कारण कापड बेतायचं लांब टेबल माझ्याकडेच आहे. मी दाराशी, पोरांना आत बाहेर करायला. जुमागुल एजे भिंतीशी. नियम असा की आपलं पोर बसलं असताना बाईंनी बोलायचं नाही, हलायचं नाही. खिडकीपाशी आमचे डायरेक्टर, घाम पुसत. दामिरा साग्यनोव्ना काही चेटकीण नव्हत्या हो. पाय सुजलेले, बूट काढून बसल्या होत्या. आणखी दोन शाळा करायच्या होत्या त्यांना. बेगायीम आत आली तर त्यांनी तिला चॉकलेट दिलं.

पोर बसली. एजेकडे पाहिलं. तळवे टेबलावर. पाठ ताठ. दामिराबाईंनी भुवया उंचावून एजेकडे कौतुकाने पाहिलं, आणि एजेच्या डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडल्या.

मग बाईंनी चित्रांचे पत्ते काढले. कप, घोडा, किल्ली, बूट. ओळीत मांडणार, पुठ्ठ्याने झाकणार, थोडं थांबणार, आणि पोरीने दुसऱ्या गठ्ठ्यातून तशीच ओळ लावायची. अगं बाई, हा तर आपलाच खेळ! एजेने भिंतीशी उभ्या उभ्या माझ्याकडे असं पाहिलं, की जिंकलो आपण.

दोन पत्ते. बरोबर. तीन पत्ते. बाईंनी पुठ्ठा ठेवला आणि थांबल्या. मोजत होत्या, ओठ हलत होते त्यांचे. मग गठ्ठा पुढे सरकवला. बेगायीमने कप ठेवला, मग बूट ठेवला, आणि अडकली. पुन्हा तीन. पुन्हा चूक. चार पत्त्यांना तिने कुठलाही एक उचलला आणि ठेवला. एजेचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पोर घाबरली. एजेलाही तेच वाटलं असणार, कारण ती नुसती हसून धीर द्यायला बघत होती, आणि ते हसू बघून पोरगी हात आणखीच दाबून धरत होती. नखं पांढरी झाली होती.

पुढच्या ओळीला मला दिसलं. पत्ते उघडे होते आणि तिच्या उजव्या हाताची करंगळी टेबलावरून उचलली गेली. इतकीशी. मग पोरीने डाव्या हाताने ती करंगळी दाबून खाली बसवली आणि एजेकडे पाहिलं. बघ, बसवली.

"या अल्ला," एजे मोठ्याने म्हणाली.

आपण एखादी गोष्ट विसरू नये म्हणून तोंडातल्या तोंडात घोकतो की नाही? दुकानात जाताना मीठ, साखर, काडेपेटी, मीठ, साखर, काडेपेटी. ही पोर हातांनी घोकत होती. तो चाळा नव्हताच कधी. तो तिचा दस्तरखान होता, आणि एजेने आठवडाभर कुरुत चारून चारून तो गुंडाळून ठेवायला शिकवलं होतं.

ती धावली. गुडघे बिडघे विसरून. टेबलाशी जाऊन तिने पोरीचे दोन्ही हात मनगटाला धरून वर उचलले आणि खुणेने म्हणाली, "सोड! हात मोकळे! खेळ!"

"काय करताय तुम्ही?" दामिराबाई उठल्या.

"हिचे हात सोडवतेय. एकदा मांडा. एकदाच. पाया पडते तुमच्या."

बाईंनी आमच्या डायरेक्टरांकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि मांडले. रागात सहा मांडले. पोर बावरली होती; एकदा एजेकडे, एकदा पत्त्यांकडे. मग हळूहळू हात छातीशी गेले आणि बोटं पळायला लागली. पुठ्ठा पडला, बोटं पळतच होती. गठ्ठा आला. कप, मासा, किल्ली, घोडा, सफरचंद, बूट. सहाच्या सहा! मी टाळीच वाजवली.

दामिराबाईंनी चष्मा काढून पुसला. "जुमागुल, तुम्ही तिला हात लावलात. खुणा केल्यात. ती भाषा मला येत नाही. तुम्ही तिला काय सांगितलं, मला काय कळणार?"

"मी फक्त हात सोड म्हटलं!"

"असेल. पण हे मी धरू शकत नाही."

"मला बाहेर काढा. कोंडून ठेवा. आणि पुन्हा घ्या."

"तपासणी वर्षातून एकदाच होते. आणि खरं सांगू? हात हलवल्याशिवाय जिला तीन चित्रं आठवत नाहीत, तिला अडचण आहेच ना?"

मला राहवलं नाही. "मघाशी पुठ्ठा धरून तुम्ही ओठ हलवत मोजत होतात की! तुम्हाला कुठल्या शाळेत पाठवायचं?"

डायरेक्टरांनी माझ्या पायावर पाय दिला. दामिराबाई लाल झाल्या. एजे रडत, ओरडत काहीबाही बोलत होती, डायरेक्टर तिला शांत व्हा शांत व्हा म्हणत होते, आणि त्या गदारोळात मी टेबलाकडे पाहिलं. पोरीला ऐकू तर काही येत नव्हतं. तिला दिसत होते ते आमचे चेहरे. तिने हात वर केले आणि सगळी मोठी माणसं भांडायला लागली, एवढंच. तिने हळूच दोन्ही तळवे परत टेबलावर ठेवले. सपाट. मला ते दिसलं, पण त्या धांदलीत मी त्याचा अर्थ लावला नाही.

निकाल तेरेकसूचा लागला. एजेने वर दाद मागितली, उन्हाळाभर खेटे घातले. उत्तर आलं, पुढच्या वसंतात पुन्हा तपासू. तोपर्यंत तेरेकसू. माझ्या खोलीत ती येऊन बसायची आणि चहावर साय धरायची तरी घोट घ्यायची नाही.

"परक्याने केलं असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या," म्हणायची. "मीच गं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"तुला काय माहीत होतं?"

"वर्षभर समोर बसून मला ती बोटं दिसली नाहीत? मला दिसत होती, कलिपा. मला फक्त शोभा हवी होती. पाहुण्यांसमोर."

मी तिच्यापुढचा गार चहा उचलून नवा ओतला.

सप्टेंबर उजाडला. पहिल्या दिवशी पोरं फुलं घेऊन येतात, पोरींच्या केसांना पांढऱ्या रिबिनींचे फुगे. सातारही आला, पोरीला घेऊन. तिची गादी, पेटी आमच्याकडे होती ती न्यायला. तेरेकसूची मिनीबस आमच्याच फाटकापासून सुटते. बघतो तर काय, पोरीच्या केसांना रिबीन, हातात डेलियाचा गुच्छ, आणि ती हसत हसत सरळ एजेकडे पळत आली.

"सातार, तिला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"कसं सांगू, कलिपा एजे?" तो टोपी चुरगाळत म्हणाला. "मला पन्नास खुणा येतात. त्यातल्या निम्म्या मेंढ्यांच्या."

"मग घरीच ठेव ना तिला!"

"घरी तिच्याशी बोलणार कोण? मी पहाटे जातो. तिथे निदान गरम खाणं मिळेल, छप्पर मिळेल."

मग सांगणार कोण? एजेच. ती फाटकाशी पायरीवर बसली, पोरीला समोर उभं केलं आणि हातांनी सांगितलं. ही शाळा नाही. दुसरी. बस. आज. मी पाठमोरी झाले. खुणा असल्या तरी मला ते ऐकवत नव्हतं. मी वळले तेव्हा पोरीचं विचारणं चालू होतं, भुवयांनी, का? एजेचे हात वर गेले आणि तसेच राहिले.

बेगायीमने काही रडारड केली नाही. गुच्छ एजेच्या मांडीवर ठेवला, बापाच्या मागून बसमध्ये चढली आणि खिडकीशी बसली. एजे खिडकीखाली गेली, रंगीत चुकोंची पिशवी आत दिली आणि हात हलवला. पोर हलवेना. एजेने पुन्हा हलवला, खुणेने म्हणाली, "निरोप दे ना गं, हात हलव." पोरीने मान हलवली. नाही. आणि मग तिने हनुवटीने खाली दाखवलं.

पिशवी सीटवर पडली होती. पोरीचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर होते. सपाट. बोटं जुळलेली, पाठ ताठ, डोळे एजेच्या चेहऱ्यावर. बघ, हलवत नाहीये. एकही बोट हलवत नाहीये. आता ठेवून घेशील ना?

त्या तपासणीच्या दिवशी टेबलावर परत गेलेले ते हात मला तेव्हा आठवले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सबंध उन्हाळा त्या पोरीने हेच गृहीत धरलं होतं, की आपण हात उचलले म्हणून हे झालं.

एजे बसच्या दाराशी गेली, दार ओढलं आणि चढली. अंगात शाळेचा एप्रन, पायांत घरातल्या सपाता, पर्स माझ्या खोलीत.

"एजे, तुम्ही कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.

"तेरेकसू. चल."

"अगं, तुझा वर्ग!" मी ओरडले. "घंटा झाली! जुमागुल! निवृत्तीला दोन वर्षं उरलीत तुझी, गाढवे!"

तिने ऐकलं नाही. बस वळेपर्यंत मला दिसत होतं: ती पोरीचे हात दोन्ही हातांनी उचलू बघत होती, आणि पोर ते गुडघ्यांवर घट्ट दाबून धरत होती.

ती परत आली ती फक्त सामान न्यायला. तिथे तिला मदतनीस म्हणून घेतलंय, मुलांना आंघोळी घालते, आणि खाणं झाल्यावर सतरंजी टाकून चुको मांडते. तिथली ऐकू येणारी पोरंही बसतात म्हणे खेळायला, आणि खुणाही उचलतायत. परवा फोन केला तेव्हा मी विचारलं, पोर कशी आहे?

"ओळ मांडली की आधी माझ्या तोंडाकडे बघते," एजे म्हणाली. "मग उजवा हात उचलते. डावा अजून नाही."